वेल्समधले १९व्या शतकातले पूर्वज : पॅरिशच्या वह्या, नागरी दाखले आणि घराचं नाव

मोडीवाचक

ब्रिटनमधल्या मराठी घरांत आता वेल्श सुना-जावई आहेत. मुलांची वंशावळ लिहायला घेतली की मराठी बाजू कुलवृत्तांतात नाहीतर त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या वहीत मिळून जाते. वेल्श बाजू मात्र 'जॉन जोन्स, शेतमजूर' इथे येऊन अडते. ती का अडते आणि पुढे कशी न्यायची, यासाठी हा धागा.

इंग्लंडात आडनाव धरून मागे जाता येतं. वेल्समध्ये तसं गेलात की दुसऱ्याच पिढीत भलत्या घरात शिराल. जोन्स, विल्यम्स, डेव्हिस, इव्हान्स, थॉमस, रॉबर्ट्स, ह्यूज अशी मूठभर आडनावं आणि जॉन, विल्यम, डेव्हिड, इव्हान, रॉबर्ट अशी मूठभर नावं. एकाच पॅरिशमध्ये (म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला गावांचा टापू), एकाच दशकात, पाच-सहा जॉन जोन्स सहज निघतात. गावातल्या लोकांनाही तेव्हा हीच अडचण होती आणि त्यांनी ती घराच्या नावाने सोडवली होती. टी माउर म्हणजे थोरलं घर, टी न्यूइध म्हणजे नवं घर. तिथला जॉन तो 'जॉन जोन्स, टी माउर'. म्हणून माझं सांगणं एवढंच, की वेल्समध्ये माणूस शोधू नका, घर शोधा. माणूस त्या घरात सापडतो.

आता कागद कुठले, ते बघू. १ जुलै १८३७ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्म, लग्न आणि मृत्यूची नागरी नोंदणी सुरू झाली. त्याआधीचं सगळं पॅरिशच्या चर्चच्या वह्यांत. १८१३ पासून बाप्तिस्मा आणि दफनाच्या वह्या छापील नमुन्यात आहेत, एका पानावर आठ नोंदी. बाप्तिस्म्याच्या रकान्यांत मुलाचं नाव, आईबापांची नावं, आडनाव, राहण्याचं ठिकाण, बापाचा धंदा आणि विधी करणाऱ्याची सही. दफनाच्या नोंदीत नाव, राहण्याचं ठिकाण, तारीख, वय, बस्स. मेलेल्याचा बाप किंवा नवरा त्यात नसतो.

दोन्हींत 'राहण्याचं ठिकाण' हा रकाना आहे आणि ग्रामीण वेल्समध्ये तिथे पुष्कळदा शेतघराचं नाव लिहिलेलं असतं. ऑनलाइन शोधसूचीत तो रकाना बऱ्याचदा उतरवलेला नसतो. त्यामुळे सूचीवर थांबू नका, पानाचं छायाचित्र उघडाच.

मूळ वह्या जिल्ह्याच्या अभिलेखागारांत आणि अबरिस्टविथच्या नॅशनल लायब्ररी ऑफ वेल्समध्ये आहेत. मोठ्या भागाची छायाचित्रं फाइंडमायपास्ट या वंशावळीच्या संकेतस्थळावर पैसे भरून दिसतात, फॅमिलीसर्च या दुसऱ्या संकेतस्थळावर सूची फुकट आहे. वही हरवली असेल, भिजली असेल तर बिशपकडे दर वर्षी पाठवायची नक्कल असायची. सेंट असफ, बँगर, सेंट डेव्हिड्स आणि ल्लानडाफ या चारही डायोसिसच्या (बिशपच्या प्रांतांच्या) नकला अबरिस्टविथला आहेत. पूर्वेच्या सीमेवरचे काही पॅरिश तेव्हा हेरेफर्ड किंवा चेस्टरच्या बिशपाखाली होते, त्यांच्या नकला तिथे मिळणार नाहीत. शिवाय १८३७ नंतर नकला पाठवण्यात बऱ्याच ठिकाणी ढिलाई झाली.

रानवारा

एक प्रकरण अडलंय. १८८१ च्या खानेसुमारीत ब्लायनाय फेस्टिनिऑगला स्लेटच्या खाणीतला कामगार इव्हान रॉबर्ट्स, वय ३५, जन्म ल्लानिउख्लिन, बायको अ‍ॅन, चार मुलं. म्हणजे जन्म १८४५-४६. ल्लानिउख्लिन नोंदणीच्या बाला जिल्ह्यात येतं, तिथे त्या दोन वर्षांत 'इव्हान रॉबर्ट्स' म्हणून जे जन्म आहेत, त्यांच्यापैकी एकाचाही बाप पुढे जुळत नाही. नोंदणीच झाली नसेल का?

मोडीवाचक

झाली नसेल, असंही होतं. जन्म न नोंदवल्याबद्दल आईबापांना दंड १८७५ पासून आला, तोवर सगळा भार रजिस्ट्रारवर होता आणि डोंगरातल्या वाड्या सुटून जायच्या. पण तुमच्या बाबतीत मला वेगळी शंका आहे.

जन्माच्या दाखल्यावर मुलाच्या आडनावाचा रकानाच नव्हता. तो १९६९ मध्ये आला. मुलाचं फक्त नाव, मग बापाचं पूर्ण नाव, मग आईचं. सूची करणारा कारकून बापाचं आडनाव मुलाला लावून मोकळा व्हायचा. आता वायव्य वेल्समध्ये आणि कार्डिगनशायरच्या काही भागांत १९व्या शतकातही बापाचं नाव हेच मुलाचं आडनाव होत होतं. आपल्याला हे समजायला सोपं आहे. आपलं मधलं नाव दर पिढीला बदलतं, त्यांचं शेवटचं बदलायचं. बाप रॉबर्ट जोन्स असेल तर मुलगा इव्हान रॉबर्ट्स. लग्न, खानेसुमारी, मृत्यू, सगळीकडे तो रॉबर्ट्सच. जन्माच्या सूचीत मात्र बापाच्या आडनावाखाली 'इव्हान जोन्स' म्हणून बसलेला.

म्हणून जन्मापासून सुरुवात करू नका. उलटे या.

चार मुलांपैकी कुठल्याही दोघांची नोंद जनरल रजिस्टर ऑफिस, म्हणजे नागरी नोंदणीची मध्यवर्ती कचेरी, तिच्या स्वतःच्या ऑनलाइन सूचीत काढा. त्या सूचीत १८३७ पासून आईचं माहेरचं आडनाव दिलंय. बाकी संकेतस्थळांवर जी जुनी छापील सूची आहे, तिच्यात ते १९११ च्या सप्टेंबर तिमाहीपासूनच येतं. हा फरक वेल्ससाठी फार मोलाचा आहे. दोन्ही मुलांना माहेरचं आडनाव एकच आलं, समजा ओवेन, तर अ‍ॅन ओवेन आणि इव्हान रॉबर्ट्सचं लग्न शोधायचं. थोरल्या मुलाच्या जन्माआधीची चार-पाच वर्षं पुरतात.

छापील लग्नसूचीत जोडीदाराचं आडनाव १९१२ पासून येतं. त्याआधी वधू आणि वर वेगवेगळे शोधून दोघांच्या नावांपुढे सूचीत दिलेले तिमाही, नोंदणीचा जिल्हा, खंड आणि पान हे चारही जुळतात का ते बघायचं. एका पानावर एकाहून जास्त लग्नं असतात. त्यामुळे पान जुळलं तरी त्याच पानावरच्या दुसऱ्या जोडीशी गाठ पडू शकते.

लग्नाचा दाखला मिळाला की त्यावर दोघांच्या बापांची नावं आणि धंदे. तिथे 'रॉबर्ट जोन्स, शेतकरी' निघाला तर कोडं सुटलं. मग १८५१ च्या खानेसुमारीत ल्लानिउख्लिनमध्ये रॉबर्ट जोन्स आणि पाच वर्षांचा इव्हान असलेलं घर शोधा. घराचं नाव मिळालं की १८४५-४६ च्या बाप्तिस्म्यात आणि १८४१ च्या खानेसुमारीत तेच नाव ताडून बघा.

पानगळ

फेस्टिनिऑग जिल्ह्यात पोर्थमाडॉगची लग्नं कशी दिसतात? पोर्थमाडॉग तर कर्नार्व्हनशायरमध्ये.

दगडीवाडा

कारण नोंदणीचे जिल्हे गरीब कायद्याच्या युनियनांवर (गरिबांच्या मदतीसाठी एकत्र केलेले पॅरिश) बेतले होते, काउंटीवर नाही. बाजाराचं गाव मध्ये धरून भोवतालचे पॅरिश, अशी ती आखणी. फेस्टिनिऑग जिल्ह्यात मेरियोनेथचे पॅरिश होते, तसे पोर्थमाडॉगच्या बाजूचे कर्नार्व्हनशायरचेही. माखन्ल्लेथमध्ये माँटगोमेरी, मेरियोनेथ आणि कार्डिगन अशा तीन काउंट्यांचे तुकडे. कार्डिगन जिल्ह्यात उत्तर पेम्ब्रोकशायर. मर्थिर टिडविलमध्ये ब्रेकनॉकशायरचा व्हेनर. काउंटीची गाळणी लावून शोधलंत की हे सगळे हातचे जातात. आधी पॅरिश कुठल्या जिल्ह्यात होता ते ठरवा, मग शोधा.

सूचीत १८५२ पासून १९व्या शतकाच्या शेवटापर्यंत वेल्सचे खंड दोनच आहेत. ११ए म्हणजे ग्लॅमॉर्गन, कार्मार्थन, पेम्ब्रोक आणि मॉन्मथशायर. ११बी म्हणजे उरलेलं. सूचीत खंडाचा आकडा यांच्यापैकी नसेल तर ती नोंद बहुधा वेल्सची नाही, मग गावाचं नाव कितीही ओळखीचं वाटो; अपवाद सीमेवरच्या, इंग्लंडमधल्या जिल्ह्यांना जोडलेल्या वेल्श पॅरिशांचा.

तिमाहीचंही लक्षात ठेवा. सूचीतली तारीख नोंदणीची असते. जन्म नोंदवायला ४२ दिवस मिळायचे, म्हणून नोव्हेंबरच्या शेवटी जन्मलेलं मूल पुढच्या वर्षीच्या मार्च तिमाहीत जाऊ शकतं.

पानगळ

दाखला मागवताना चुकीचा येऊ नये म्हणून काय करायचं? दोनदा पैसे वाया गेल्यावर माणूस शोध सोडून देतो.

दगडीवाडा

जन्म आणि मृत्यूसाठी पूर्ण दाखला मागवायची गरज नाही. जनरल रजिस्टर ऑफिस नोंदीची पीडीएफ देतं आणि काही वर्षांसाठी नुसतं डिजिटल छायाचित्रही देतं. २०२४ च्या दरांनी दाखला १२.५० पौंड, पीडीएफ ८ पौंड, छायाचित्र ३ पौंड. वंशावळीला छायाचित्र पुरतं. लग्नाला मात्र दाखलाच लागतो, म्हणून लग्नाच्या बाबतीत घाई करू नका.

लग्न चर्चमध्ये लागलं असेल तर तीच नोंद पॅरिशच्या वहीत आहे, अगदी तेच रकाने, आणि छायाचित्र ऑनलाइन असेल तर दाखल्याचा खर्च वाचला. उत्तरेसाठी नॉर्थ वेल्स बीएमडी ही फुकट सूची आहे. स्थानिक कचेऱ्यांच्या वह्यांवरून केलेली असल्याने तिच्यात लग्न कुठल्या चर्चमध्ये किंवा चॅपेलात (अँग्लिकन चर्चबाहेरच्या पंथांचं प्रार्थनाघर) लागलं तेही बहुतेक वेळा मिळतं. तीन उमेदवारांपैकी एकाचं लग्न बालाच्या चॅपेलात आणि दोघांची ल्लांगोल्लेनला, एवढं कळलं तरी निवड होऊन जाते. या सूचीतला क्रमांक स्थानिक कचेरीचा आहे, जनरल रजिस्टर ऑफिसला तो चालत नाही. दोन्हींची गल्लत केली की अर्ज परत येतो.

मृत्यूच्या सूचीचंही तसंच. छापील सूचीत वय १८६६ पासून आहे, जनरल रजिस्टर ऑफिसच्या ऑनलाइन सूचीत १८३७ पासून. बालमृत्यू आधी बाजूला काढा. '१८४६ मध्ये जन्मलेला इव्हान जोन्स' १८४८ मध्ये दोन वर्षांचा होऊन गेला असेल तर तो तुमचा नव्हे. ही एक चाचणी लावली तरी पुष्कळ उमेदवार गळतात. एवढं मात्र बघा, की मूल गेलं तर पुढच्याला तेच नाव ठेवायची पद्धत होती, म्हणून एकाच आईबापांचे दोन इव्हान असू शकतात.

अबोली_कार्डिफ

चॅपेलांबद्दल लिहायलाच हवं, त्याशिवाय वेल्सचा शोध अर्धाच राहतो. १९व्या शतकाच्या मध्यापर्यंत बहुतेक वेल्श कुटुंबं अँग्लिकन चर्च सोडून चॅपेलात जात होती. कॅल्व्हिनिस्टिक मेथडिस्ट १८११ मध्ये वेगळे झाले. त्याआधीपासून इंडिपेंडंट आणि बाप्टिस्ट होते, वेस्लियन होते, टेइवीच्या खोऱ्यात युनिटेरियन होते. पूर्वज कुठल्या पंथाचा, यावर कुठला कागद मिळेल ते ठरतं.

बाप्टिस्ट लहान मुलांना बाप्तिस्मा देत नाहीत. त्यांच्या वहीत बाप्तिस्मा असेल तर तो मोठ्या माणसाचा. तिथे आईबाप शोधून उपयोग नाही. काही ठिकाणी वेगळी जन्मवही असते, ती बघा.

१८३७ च्या आधीच्या बऱ्याच चॅपेलांच्या वह्या सरकारने मागवून घेतल्या, काही १८५७ मध्ये. त्या लंडनजवळच्या क्यूच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये आरजी ४ आणि आरजी ८ या मालिकांत आहेत. १८३७ नंतरच्या मात्र चॅपेलाकडेच राहिल्या. कुठे अबरिस्टविथला आल्या, कुठे जिल्ह्याच्या अभिलेखागारात, कुठे सचिवाच्या घरी कपाटात, आणि चॅपेल बंद पडल्यावर कितीतरी हरवल्या.

लग्नांचा घोळ इथेच होतो. १७५४ ते १८३७ या काळात क्वेकर आणि ज्यू सोडून सगळ्यांना अँग्लिकन चर्चमध्येच लग्न करावं लागे. त्यामुळे कट्टर चॅपेलवाल्यांचंही लग्न पॅरिशच्या वहीत मिळतं. १८३७ नंतर चॅपेलात लग्न लागू शकत होतं, पण १८९८ चा कायदा येईपर्यंत तिथे सरकारी रजिस्ट्रार हजर लागे आणि वही त्याची असे. ती लग्नं ना पॅरिशच्या वहीत, ना चॅपेलाच्या. फक्त नागरी नोंदणीत. 'वहीत लग्न नाही, म्हणजे लग्नाशिवाय राहत असतील' असा निष्कर्ष पुष्कळ वंशावळींत दिसतो. तो बहुतेक वेळा खोटा असतो आणि त्या माणसांवर अन्याय करतो.

दफन उलट आहे. चॅपेलाला स्वतःचं दफनस्थान नसेल तर माणूस पॅरिशच्या आवारातच पुरला जायचा, म्हणून चॅपेलवाल्यांची दफनं पॅरिशच्या वहीत शोधा. १८८० च्या कायद्यानंतर त्या आवारात त्यांचा स्वतःचा पाद्री विधी करू शकला.

आणि वर्तमानपत्रं. नॅशनल लायब्ररीचं वेल्श न्यूजपेपर्स ऑनलाइन पूर्ण फुकट आहे, १९१९ पर्यंतची ११ लाखांहून जास्त पानं. पंथांची मासिकं वेल्श जर्नल्सवर आहेत. मेथडिस्टांचं 'अ द्रिसोर्वा', इंडिपेंडंटांचं 'अ दिस्गेदिध', बाप्टिस्टांकडे गेलेलं 'सेरेन गोमेर'. चॅपेलाच्या सामान्य सभासदावरही मृत्युलेख यायचे आणि त्यांत जन्माचं घर, आईबाप, कुठल्या चॅपेलातून कुठल्या चॅपेलात गेला, हे सगळं असायचं. दाखल्यावर जे कधीच मिळत नाही ते इथे मिळतं. इंग्लंड-वेल्समध्ये मोठ्या माणसाच्या मृत्यूच्या दाखल्यावर आईबापांची नावं नसतात, हे विसरू नका.

रानवारा

वर्तमानपत्रात शोधताना गावाचं नाव टाकलं की निम्मे निकाल येतच नाहीत, असं वाटतं.

अबोली_कार्डिफ

येणार नाहीत, कारण वेल्शमध्ये शब्दाचं पहिलं अक्षरच बदलतं. मराठीत घर, घरात, घराला असं शेपूट बदलतं. त्यांच्याकडे तोंड बदलतं. बँगर गावाचं 'बँगरमध्ये' करायचं तर 'अम मँगर', 'बँगरहून' म्हणजे 'ओ वँगर'. कर्नार्व्हन 'अंग न्गर्नार्व्हन' होतं. ट्रेगारन 'अन न्हरेगारन' आणि 'इ द्रेगारन'. यंत्राला हे एकच गाव आहे हे कळत नाही. त्यामुळे प, ट, क, ब, ड, ग, म आणि ल्ल यांनी सुरू होणारं प्रत्येक नाव बदललेल्या रूपांत वेगळं शोधावं लागतं.

शिवाय इंग्रजी आणि वेल्श नावं वेगळी. स्वॉन्सी म्हणजे अबरतावे, कार्डिगन म्हणजे अबरतेइवी, होलीहेड म्हणजे कायरगिबी, ब्रेकन म्हणजे अबरहोन्धी. दाखल्यावर इंग्रजी असेल, कबरीवर वेल्श.

माणसांचंही तसंच. पाद्र्याने वहीत जॉन लिहिला, तो घरी शॉन किंवा इव्हान. लॉरा म्हणजे लोरी, जेन म्हणजे शान, मार्गारेट म्हणजे मार्गेद, ग्रिफिथ म्हणजे गिटो. एकाच बाईला बाप्तिस्म्यात लॉरा आणि १८४१ मध्ये लोरी लिहिलेलं असेल तर दोन बायका समजू नका. आडनावांत प्राइस, प्यू, पॅरी, पॉवेल, प्रिचर्ड, बोवेन, बेव्हन ही 'अप' किंवा 'अब' म्हणजे 'चा मुलगा' चिकटून झालेली: अप रीस, अप हिउ, अप हॅरी, अप हॉवेल, अप रिचर्ड, अब ओवेन, अब इव्हान. वहीत एक पिढी रीस आणि नंतरची प्राइस दिसली तर घर तेच आहे का बघा.

कबरीचा दगड वाचायला पाच-सहा शब्द पुरतात. 'एर कॉव अम' म्हणजे स्मरणार्थ. 'अ वी वारू' म्हणजे वारला. 'माब' मुलगा, 'मेर्ख' मुलगी, 'ग्व्राइग' किंवा 'प्रिऑद' बायको, 'हेविद' म्हणजे 'तसेच', 'प्लुइव' म्हणजे पॅरिश. नावाच्या खाली जो शब्द असतो तो बहुतेक घराचं नाव. तो उतरवून घ्याच. महिन्यांत 'माय' म्हणजे मे आणि 'मेदी' म्हणजे सप्टेंबर, तिथे खूप जण फसतात. वय अक्षरांत असेल तर मोजणी विसांची असते. 'पेदवार इगाइन' म्हणजे चार विसा, ८०. आपल्याकडे कोडीने मोजायचे तसंच. 'देग अ थ्रिगाइन' म्हणजे तीन विसांवर दहा, ७०.

दगडीवाडा

घराचं नाव मिळाल्यावर पुढची पायरी टाइद नकाशे. १८३६ च्या कायद्याने चर्चचा दशमांश धान्याऐवजी पैशात ठरवला आणि त्यासाठी पॅरिशवार मोजणी झाली. नॅशनल लायब्ररीने वेल्सचे हे नकाशे 'प्लेसेस ऑफ वेल्स' या संकेतस्थळावर फुकट ठेवलेत. नकाशावर प्रत्येक तुकड्याला क्रमांक आणि सोबतच्या तक्त्यात जमीनमालक, कसणारा, शेताचं नाव, पीक की कुरण, क्षेत्रफळ. आपला सातबारा ज्याने वाचलाय त्याला पाच मिनिटांत कळेल. मालक वेगळा, कूळ वेगळं. तुमचा पूर्वज जवळजवळ नेहमी कुळाच्या रकान्यात असतो, मालकाच्या रकान्यात शोधून निराश होऊ नका.

हा तक्ता बहुतेक ठिकाणी १८३७ ते १८५० या काळातला, म्हणजे १८४१ च्या खानेसुमारीच्या अगदी शेजारचा. दोन्ही समोरासमोर ठेवा. गणना करणारा घरामागून घर चालत गेलेला असतो, त्यामुळे त्याच्या यादीतली मागची-पुढची घरं नकाशावर शेजारी दिसतात. 'टी न्यूइध' नावाची तीन घरं असतील तर तुमचं कुठलं, ते शेजाऱ्यांवरून ठरतं.

मालक कळला की त्याच्या इस्टेटीचे कागद. पेनरिन इस्टेटीचे बँगर विद्यापीठात आहेत, विनस्टेचे अबरिस्टविथला. जुने भाडेपट्टे पुष्कळदा 'तीन आयुष्यांसाठी' असत, म्हणजे पट्ट्यात नाव लिहिलेल्या तिघांपैकी एक जरी जिवंत असेल तोपर्यंत. ती तीन नावं सहसा कूळ, बायको आणि मुलगा, कधी वयांसकट.

मृत्युपत्रंही सोडू नका. १२ जानेवारी १८५८ च्या आधी मृत्युपत्रं चर्चच्या न्यायालयांत सिद्ध होत. वेल्सची अशी १,९०,००० हून जास्त मृत्युपत्रं नॅशनल लायब्ररीच्या संकेतस्थळावर छायाचित्रांसह फुकट आहेत. चार गाई असलेल्या कुळाचंही मृत्युपत्र मिळतं. त्यात लग्न झालेल्या मुलींची नावं आणि जावयांची घरं असतात. बापाचं नाव आडनाव म्हणून चालणाऱ्या घरात भावंडांची आडनावं सारखी नसतील, तर त्यांना एकत्र बांधणारा हाच एक कागद.

पानगळ

१८४१ ची वयं १८५१ शी जुळत नाहीत. २५ चा माणूस दहा वर्षांत ३९ चा कसा?

मोडीवाचक

१८४१ मध्ये १५ वर्षांवरच्यांची वयं खालच्या पाचाच्या पटीत लिहायची सूचना होती. २५ म्हणजे २५ ते २९ मधलं काहीही. सगळ्यांनी ती पाळलीही नाही. त्या वर्षी नातंही लिहिलेलं नाही, घरातला तरुण मुलगा, पुतण्या की गडी, ते कळत नाही. जन्मस्थळाऐवजी 'याच काउंटीत जन्म का' एवढंच, हो किंवा नाही. पॅरिशचं नाव १८५१ पासून येतं, म्हणून १८५१ ची नोंद मिळाल्याशिवाय १८४१ वर विसंबू नका.

जन्मस्थळही दर दहा वर्षांनी सरकतं. घरापासून लांब असताना माणूस जवळच्या बाजारगावाचं नाव सांगतो. ल्लानिउख्लिनचा माणूस फेस्टिनिऑगला 'बाला' सांगेल आणि मर्थिरला नुसतं 'मेरियोनेथ'. दक्षिणेच्या लोखंडाच्या आणि कोळशाच्या गावांत तर 'कार्डिगनशायर' एवढंच लिहिलेली शेकडो माणसं आहेत. तिथे घरातली बाकीची माणसं बघा. सासू, मेव्हणा, भाडेकरू यांच्यापैकी एखाद्याने नेमका पॅरिश सांगितलेला असतो, आणि माणसं त्याच गावची एकत्र राहायची. १८९१ मध्ये वेल्समध्ये भाषेचा रकाना आला: वेल्श, इंग्रजी की दोन्ही. फक्त वेल्श बोलणारी म्हातारी मर्थिरच्या घरात असेल तर ती नंतर गावाहून आलेली असण्याची शक्यता धरा.

ल्लानविहांगेल, ल्लानवाइर, ल्लानबेद्र ही संतांच्या नावांची गावं तर जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. 'ल्लानविहांगेल' एवढंच लिहिलं असेल तर काउंटी ठरल्याशिवाय पुढे जाऊ नका.

घाटमाथा

मुंबई इलाख्यातला दुवा ज्यांना हवा त्यांच्यासाठी. पुणे, खडकी, देवळाली, मुंबई इथे पुरलेले वेल्श सैनिक किंवा रेल्वेचे लोक ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस कागदांत सापडतात. एन/३ ही मुंबईच्या चर्च नोंदींची मालिका आहे (बंगालची एन/१, मद्रासची एन/२). बाप्तिस्मा, लग्न आणि दफन, तिन्हीच्या नकला तिथे पाठवल्या जात. फाइंडमायपास्टवर छायाचित्रं आहेत, फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटीची सूची फुकट आहे.

दफनाच्या नोंदीत वेल्समधलं गाव मिळत नाही. नाव, वय, पलटण, हुद्दा मिळतो, आणि पलटण हीच किल्ली. राणीच्या फौजेतला शिपाई निवृत्त झाला असेल तर क्यूला डब्ल्यूओ ९७ मध्ये त्याचे सेवामुक्तीचे कागद असू शकतात, त्यांत जन्माचा पॅरिश लिहिलेला असतो. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेतला असेल तर एल/एमआयएल/१२ मधल्या हजेरीपटांकडे जा. जो इथेच नोकरीत वारला त्याचा सेवामुक्तीचा कागद नसतो, त्याच्यासाठी भरतीच्या नोंदी शोधाव्या लागतात.

रानवारा

मुलांवरून माहेरचं आडनाव काढलं, ओवेनच आलं. पण चार वर्षांत इव्हान रॉबर्ट्स आणि अ‍ॅन ओवेन यांची दोन लग्नं आहेत, एक बाला जिल्ह्यात आणि एक फेस्टिनिऑगमध्ये. दोन्हीकडे वर 'सज्ञान', म्हणजे वय नाहीच. एका वराचा बाप रॉबर्ट जोन्स, दुसऱ्याचा रॉबर्ट रॉबर्ट्स.

मोडीवाचक

'सज्ञान' म्हणजे २१ किंवा जास्त, एवढंच. आणि बापाच्या नावापुढे 'मयत' लिहिलं नाही म्हणून तो जिवंत होता असं समजू नका, पुष्कळदा लिहायचं राहून जायचं.

आता साक्षीदार बघा. दोन नावं असतात, त्यांत बहुतेक एक भाऊ-बहीण. १८५१ मध्ये रॉबर्ट जोन्सच्या घरातली भावंडं उतरवून घ्या आणि ती नावं साक्षीदारांत आहेत का ते तपासा. भाऊही रॉबर्ट्सच लावत असेल, जोन्स नव्हे.

दुसरं म्हणजे धाकट्या मुलांचे जन्माचे कागद. आईच्या रकान्यात 'पूर्वीची ओवेन' असेल तर ओवेन माहेरचं. पण 'नंतरची विल्यम्स, पूर्वीची ओवेन' अशा अर्थाची दोन नावं असतील तर ती विधवा होती आणि लग्न विल्यम्स नावाखाली लागलेलं असेल. तसं निघालं तर ही दोन्ही लग्नं तुमची नाहीत.

तरी नाही सुटलं तर सही. जनरल रजिस्टर ऑफिसकडे येते ती हाताने उतरवलेली तिमाही नक्कल. तिच्यातली सही नक्कल करणाऱ्याच्या हातची. खरी सही चर्चच्या मूळ वहीत किंवा स्थानिक रजिस्ट्रारच्या वहीत असते. लग्न चर्चमध्ये लागलं असेल तर पानाचं छायाचित्र मिळेल. रजिस्ट्रारच्या वहीत असेल तर स्थानिक कचेरीला लिहून मूळ पानाची छायाप्रत मिळते का विचारा. काही कचेऱ्या देतात, काही टंकलेलाच दाखला देतात. दुसरी सही लागेल ती धाकट्या भावंडाच्या लग्नात इव्हान साक्षीदार असेल तिथली. दोन्ही शेजारी ठेवून 'आर' चं वळण आणि शेवटचा 'एस' बघा. सहीच्या जागी फुली असेल तर बालाच्या पॅरिशच्या वहीपासून सुरू करा आणि दोन्ही जोडप्यांची पुढची सगळी मुलं १८७१ आणि १८८१ मध्ये वेगवेगळ्या घरांत नेऊन बसवा. ज्या जोडप्याची चार मुलं तुमच्या घरातल्या नावांशी आणि वयांशी जुळत नाहीत, ते खोडून टाका.

रानवारा

साक्षीदारांत मार्गारेट रॉबर्ट्स आहे, बालाच्या लग्नात. १८५१ च्या घरात आठ वर्षांची मार्गेद आहे. सही बघायला स्थानिक कचेरीला लिहितोय.